मनोऱ्याचा ओळंबा

१

त्या सकाळी मनोरा आपल्या जागी उभा होता, पण त्याच्या पोटातला ओळंबा जागेवर नव्हता.

मनोरा मध्ययुगातला. आत भिंतीला धरून जिना गोल गोल वर चढतो आणि मधे विहिरीसारखी पोकळी राहते. त्या पोकळीत माथ्यावरच्या आकड्याला बांधून एक बारीक तार खाली सोडलेली होती. तारेच्या टोकाला पितळी ओळंबा. खाली, तळाच्या बिनखिडकीच्या खोलीत, जमिनीत बसवलेल्या लाकडी फळीवर चार स्क्रूंनी पक्की केलेली एक चौकोनी पितळी पाटी. पाटीच्या मधोमध फुली आणि एका कडेला उत्तर दाखवणारा नाजूक बाण. ओळंब्याचं टोक फुलीवर असलं म्हणजे मनोरा स्वस्थ. टोक फुलीवरून ढळलं म्हणजे मनोरा कलला. कित्येक वर्षं ते टोक केसभरही ढळलं नव्हतं.

खोलीतला दिवा मागच्याच आठवड्यात गेला होता आणि नवा लावायचा रखवालदाराला कंटाळा. म्हणून तो बॅटरी घेऊन आत गेला. उजेड पाटीवर पडला आणि त्याची बोबडीच वळली. टोक फुलीपासून चांगलं चार बोटं लांब होतं.

बातमी मनोऱ्यामागच्या गल्लीत पोचायला कितीसा वेळ लागणार! जो तो दाराबाहेर येऊन मान वर करून बघायला लागला, आणि बघणाऱ्या प्रत्येकाला मनोरा कललेला दिसला. फक्त कुणाला तो आपल्या घरावर कललेला दिसला, कुणाला समोरच्याच्या. यावरून दोन शेजाऱ्यांची चांगलीच जुंपली.

फौजदारीणबाईंनीही वर पाहिलं. त्या पोलिसातून निवृत्त झालेल्या. गल्लीत धाकट्या भावाच्या घरी राहायला आल्या होत्या. भावाचं चष्म्याचं दुकान तिथेच, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड. बाईंना मनोरा आधी कललेला वाटला, मग सरळ वाटला, मग ढगांबरोबर चालायलाच लागला. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"ताई, काय दिसतंय?" भावानं विचारलं.

"मला काही कळत नाही रे," त्या म्हणाल्या. हे वाक्य पुढचे काही दिवस त्यांना वारंवार म्हणावं लागणार होतं.

दुपारी मनोऱ्याच्या विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष घाम पुसत दारात आले. "बाई, पोलिसात गेलो तर गाजावाजा होईल. तुम्ही बघा. कुणीतरी चावटपणा केलाय, दुसरं काय! मनोरा असा एका रात्रीत कलतो होय?"

"कुणावर संशय?"

अध्यक्षांनी आवाज खाली आणला. "आमची इंजिनिअर. दोन वर्षं एकच धोशा लावलाय पोरीनं, मनोरा बंद करा, गल्ली रिकामी करा. ओळंबा तिचं ऐकेना, म्हणून तिनंच ऐकायला लावला असेल. उद्या तिला कामावरून काढतो आणि पाटी होती तिथे बसवून टाकतो."

"पाटीला हात लावू नका," बाई एकदम म्हणाल्या. का म्हणाल्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

२

खोलीत शिरल्यावर बाईंनी रखवालदाराला बॅटरी धरायला लावली आणि गुडघे टेकून खाली बसल्या. पाटी पक्की होती, स्क्रू घट्ट. मात्र फळीवर पाटीच्या आजूबाजूला पांढरे बारीक कण सांडले होते.

"चुना हो तो," रखवालदार म्हणाला. "जिन्याच्या सांध्यांत नुकताच भरलाय. पडतो कधीमधी."

बाईंनी कण रुमालात बांधले. मग बाहेर येऊन जिन्याच्या भिंती बघितल्या. चुना ताजा होता, हाताला अजून दमट लागत होता, आणि त्यात केसाएवढीही भेग नव्हती. एवढा मोठा दगडी मनोरा रात्रीतून चार बोटं झुकेल आणि ओल्या चुन्याला खबरही लागणार नाही? म्हणजे अध्यक्षांचं बरोबर. मनोरा रात्रीतून हललेला नाही. मग हलली ती पाटी.

"किल्ल्या कुणाकुणाकडे असतात?"

"एक माझ्याकडे, एक इंजिनिअरबाईंकडे, एक मनोऱ्यावर पुस्तक लिहिणाऱ्या सरांकडे." रखवालदारानं बोटांवर मोजलं. "पण मी कशाला हात लावीन? रोज फडक्यानं पुसतो मी ती पाटी, पोटच्या पोरासारखी."

"ह्या खोलीचं दार उत्तरेला ना?"

"छे हो, पूर्वेला. सकाळचं ऊन थेट दारावर येतं."

बाईंनी मागे वळून दाराकडे पाहिलं. पाटीवरचा बाण त्यांना दाराकडे रोखलेला दिसला होता. पण डावं-उजवं आणि पूर्व-पश्चिम यात त्यांची जन्मापासूनची भांडणं. नोकरीत असताना चोराच्या मागे त्या हटकून उलट्या गल्लीत शिरायच्या. शिवाय गोल जिन्यात उतरून-चढून डोकं गरगरत होतं. आपलंच काहीतरी चुकलं असं म्हणून त्यांनी ते मनाआड केलं.

इंजिनिअर मनोऱ्याबाहेरच्या पत्र्याच्या खोलीत आपलं सामान खोक्यात भरत होती. तिनं वर न बघताच विचारलं, "मला अटक करायला आलात?"

"मी निवृत्त आहे, बाळ. अटक करायची हौस फिटली. तू पाटी हलवलीस का?"

"नाही." तिनं खोकं बाजूला सरकवलं. "पण हलवावी असं हजारदा मनात आलं, हेही खरं. गल्लीतल्या घरांना भेगा पडतायत. दरवाजे चौकटीत अडकतायत. मी ओरडत आले की पाया खचतोय. मग मंडळी मला हाताला धरून त्या खोलीत नेणार आणि ओळंबा दाखवणार, फुलीवर, ढिम्म. सर म्हणणार, मुली, मनोरा कधीचा थांबलाय. शेवटी शेवटी मलाच वाटायला लागलं होतं, माझं गणित कच्चं असेल."

"मग आता ओळंबा तुझ्या बाजूनं बोलतोय तर तुला आनंद नाही झाला?"

"कशाचा आनंद? आता सगळे म्हणतात मीच केलं. म्हणजे मनोरा खरंच कललेला असला तरी कुणी ऐकणार नाही." तिनं पहिल्यांदाच वर बघितलं. "बाई, तुम्ही रात्री गल्लीतच झोपता ना?"

बाई तशाच घराकडे वळल्या. घरी आल्याबरोबर त्यांनी दुकानाच्या भिंतीवरचा, अक्षरं वाचायला लावतात तो तक्ता उचलून बघितला. तक्त्यामागे छतापासून जमिनीपर्यंत भेग होती, बोट जाईल एवढी.

भाऊ खाली मान घालून उभा राहिला. "गिऱ्हाइकं घाबरतात, ताई. म्हणून लावला."

"आणि तू? तू नाही घाबरत?"

"ओळंबा फुलीवर होता ना, ताई. सर सांगायचे. सरांवर विश्वास नाही ठेवायचा तर कुणावर?"

३

सर म्हणजे इतिहासाचे प्राध्यापक. मनोऱ्यावरचं त्यांचं पुस्तक शहरातल्या प्रत्येक घरात होतं. कुणी वाचलेलं, कुणी नुसतंच कपाटात ठेवलेलं. ते राहायचे चौकापलीकडे. त्यांची बायको दातांची डॉक्टर. अख्ख्या गल्लीच्या दाढा तिच्या हाताखालून गेलेल्या. दवाखाना बंद केला तेव्हा तिनं दात तपासायची उंच खुर्ची तेवढी घरी आणली, आणि सर दिवसभर त्या खुर्चीत मागे रेलून बसायचे.

"या फौजदारीणबाई," सर आवाजाच्या दिशेनं तोंड वळवून म्हणाले. "मनोरा हलला म्हणे."

"हलला नाही हो," डॉक्टरीणबाई लगबगीनं मधे पडल्या. "त्या पोरीनं पाटी सरकवली. तुमच्या पुस्तकाला खोटं पाडायला टपलेलीच होती ती."

"तिचं नाव उगाच घेऊ नकोस, डॉक्टर. मनोरा हलला असेल."

"अहो, तुम्हीच लिहिलंय ना, तो हलत नाही म्हणून!"

बाई एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिल्या. ज्या माणसानं मनोरा हलत नाही हे सिद्ध करण्यात जन्म घालवला तो म्हणतोय हलला, आणि त्याची बायको त्याचंच पुस्तक त्याच्या अंगावर फेकतेय. नवऱ्याबायकोचं भांडण पुष्कळ ऐकलं होतं त्यांनी, पण असं उलटं-पालटं नाही.

"सर, मला मनोऱ्यातलं ओ की ठो कळत नाही," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून सांगा."

सरांचा चेहरा उजळला. "पहिल्या गवंड्यानं घाई केली. राजाला लढाईतला विजय मिरवायचा होता, जागा हवी होती ऐन चौकात. तिथे बुजवलेलं तळं होतं. त्यावरच पाया घातला. तिसरा मजला चढेपर्यंत मनोरा एका अंगाला झुकला, आणि काम थांबलं. एक पिढी तसंच पडून राहिलं. मग दुसरा गवंडी आला. त्यानं झुकलेला भाग पाडला नाही. वरचे मजले उलट्या अंगाला किंचित वळवून बांधले, म्हणून मनोरा बारकाईनं बघितला तर उसासारखा बाक दिसतो. खालचे मजले कोनाकोनांचे, लाल दगडाचे. वरचे गोल, फिक्या दगडाचे. खालच्या मजल्यावरचं नक्षीकाम दाट, वर येता येता विरळ, कारण वजन कमी करायचं होतं. माझं म्हणणं असं, की दुसऱ्या गवंड्यानं मनोऱ्याला थांबवलं. कायमचं."

"आणि वरचा सज्जा?" बाईंनी सहज विचारलं.

सर एकेक शब्द वेगळा काढत म्हणाले, "तो सज्जा त्यानं पाणी ओतून ओतून पातळीत आणला, बाई. सज्ज्याला सभोवार दगडी पन्हळी आहेत. मी तरुणपणी स्वतः घागर ओतून बघितलंय. पाणी सगळ्या पन्हळींतून सारखं पडायचं. तुम्ही एकदा वर जाऊन बघा."

"ह्यांना कशाला एवढं चढायला लावताय!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गुडघे जातील त्यांचे."

"बघाच," सर म्हणाले.

दाराशी पोचवायला आल्यावर डॉक्टरीणबाईंनी बाईंचा हात घट्ट धरला. "अध्यक्षांना सांगा ना, पाटी पूर्वीच्या जागी बसवून टाका म्हणावं. ह्यांना आता हे झेपणार नाही. डोळ्यांनी तर जवळजवळ काहीच दिसत नाही. दर महिन्याला मीच नेते ओळंब्याजवळ, मीच बघून सांगते."

बाईंना वाटलं, ही नवऱ्याच्या तब्येतीला घाबरलीय. पण मग तिचे डोळे सारखे मनोऱ्याकडे का जातायत?

४

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई मनोरा चढल्या. इंजिनिअर पुढे, बाई मागे, भिंतीला धरून, मधल्या पोकळीकडे न बघता. वर पोचल्यावर त्या सज्ज्याच्या दारातच बसल्या. सगळं शहर त्यांच्याभोवती फेर धरून फिरत होतं.

"डोळे एका जागी ठेवा," इंजिनिअर म्हणाली. "लांबचं काहीतरी बघा."

बाईंनी सूर्य बघितला. नुकताच वर आला होता, आणि त्याचं ऊन खाली तळाच्या खोलीच्या दारावर पडलं होतं. अगदी थेट.

"दार पूर्वेलाच आहे," बाई स्वतःशी पुटपुटल्या. "आणि बाण दाराकडे होता. म्हणजे गोंधळ माझा नव्हता. पाटीचाच होता!"

"काय म्हणालात?"

"सांगते नंतर. आधी तुझी पाण्याची बाटली दे."

इंजिनिअरनं सज्ज्याच्या मधोमध पाणी ओतलं. ते थोडं पसरलं, थबकलं, आणि मग जणू कुणी हाक मारल्यासारखं सगळंच्या सगळं एका अंगाला धावलं, गल्लीच्या बाजूला. दोघी कठड्याला धरून सज्ज्याभोवती फिरल्या. गल्लीच्या बाजूच्या पन्हळींखाली हिरवंगार शेवाळ माजलं होतं. पलीकडच्या पन्हळी मात्र ठणठणीत कोरड्या. त्यातल्या एकीत पाखरांनी घरटं केलं होतं. एक जुनं घरटं, त्यावर दुसरं, त्यावर तिसरं. कैक पावसाळ्यांत तिथून पाण्याचा थेंब गेला नव्हता.

इंजिनिअर घरट्याकडे बघतच राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हणजे मी बरोबर होते."

"होतीस. मनोरा कललाय. आणि एका रात्रीत नाही, वर्षानुवर्षं कलतोय."

"मग ओळंबा इतकी वर्षं फुलीवर कसा होता?"

बाईंनी कठडा घट्ट धरला. त्यांचं डोकं चक्रावून गेलं होतं. आतापर्यंत सगळेच विचारत होते, पाटी खोट्या जागी कुणी नेली? पण आज ओळंबा जे सांगतोय तेच खरं आहे. म्हणजे पाटी खोट्या जागी आता नाही. ती आधी होती, आणि परवा कुणीतरी ती खऱ्या जागी परत आणून ठेवली.

खाली आल्यावर त्या पुन्हा अंधाऱ्या खोलीत शिरल्या. या वेळी त्यांनी पाटी बघितली नाही. तिच्या शेजारची फळी नखानं चाचपली. लाकूड खरखरीत होतं, पण मधे मधे नख गुळगुळीत ठिपक्यांवर घसरत होतं. स्क्रूंची भोकं, एकापुढे एक, जवळजवळ लागून, शेवटची चार तेवढी उघडी, बाकी प्रत्येक भोक कसल्यातरी लुकणानं भरून, घासून, वरून लाकडाच्या रंगाचं केलेलं. मुंग्यांच्या रांगेसारखी ती ओळ पाटीपासून गल्लीच्या दिशेला गेली होती. कुणीतरी दर काही महिन्यांनी पाटी जराशी पुढे सरकवत होतं, मनोऱ्याच्या मागोमाग.

रुमालातला पांढरा कण बाईंनी दोन बोटांत दाबला. चुना असता तर भुगा झाला असता. हा चुरडेना. त्यांची जीभ नकळत त्यांच्या भरलेल्या दाढेकडे गेली, आणि त्यांनी कण पुन्हा रुमालात घट्ट बांधून ठेवला.

५

संध्याकाळी सरांच्या घरी सगळे जमले. अध्यक्ष, इंजिनिअर, रखवालदार आणि बाईंचा भाऊ. सर आपल्या उंच खुर्चीत. डॉक्टरीणबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या.

"कुणी केलं ते सांगा आणि मोकळं करा," अध्यक्ष म्हणाले.

"दोघांनी केलं," बाई म्हणाल्या. "आणि दोघांनी एकमेकांच्या उलट केलं, म्हणून माझी मती गुंग झाली होती. मनोरा कैक वर्षं कलतोय. वरचं पाणी सांगतं, पन्हळीतली घरटी सांगतात, माझ्या भावाची भिंत सांगते. कुणीतरी पाटी त्याच्यामागे सरकवत राहिलं, म्हणजे टोक फुलीवरच दिसावं. हे पहिलं माणूस. परवा दुसऱ्या कुणीतरी मूळ जागेची बुजवलेली भोकं पुन्हा कोरून पाटी तिथे बसवली. ते पांढरे कण त्या कोरण्यात सांडले."

"पण कुणी?" रखवालदार अधीर झाला.

"ज्यानं पाटी परत ठेवली त्यानं एक चूक केली. चारी भोकं बरोबर जुळवली, पण पाटी फिरवून बसवली. उत्तरेचा बाण पूर्वेला. रखवालदारदादा, तुम्ही ती रोज पुसता, तुमच्याकडून हे होणार नाही. इंजिनिअर तर झोपेतही दिशा चुकणार नाही. दिवा गेलेला, पण ज्याच्याजवळ बॅटरी आहे त्यालाही बाण दिसला असता. भोकं बोटांना लागली, फुली लागली, पण झिजलेला बाण लागला नाही. ते काम बघून केलेलं नाही, चाचपून केलेलं आहे."

मग खुर्चीतून सरांचा आवाज आला.

"माझंच काम ते. ही पाटी तरुणपणी मीच बसवली होती, फळीच्या कडेपासून वीतभर आत. जागा बोटांनाच ठाऊक होती. ही मुलगी घरी येऊन पोटतिडकीनं बोलून गेली, तेव्हा मनात किडा वळवळला. डॉक्टर बाजारात गेली असताना किल्ली घेतली आणि काठी टेकत एकटा गेलो." त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. "आणि आधी सरकवणाराही मीच. पुस्तक वाचवायला. लिहून घ्या, अध्यक्ष."

"सर, पहिलं पटलं," बाई हळूच म्हणाल्या. "दुसरं नाही."

"का नाही? मी सांगतोय ना!"

"कारण ती भोकं भरायला नजर लागते," दाराकडून आवाज आला. डॉक्टरीणबाई पुढे आल्या. "आणि सवय. दाढ भरायचं सामान आहे ते. वरून रंगसुद्धा लाकडाशी जुळवलाय मी. यांना सुई ओवता येत नाही, हे कसले करतात!"

"डॉक्टर, तू गप्प बस."

"पुष्कळ वर्षं बसले." त्या सगळ्यांकडे वळल्या. "यांची नजर गेली त्या वर्षी पहिल्यांदा टोक जरासं ढळलेलं दिसलं. हे शेजारी उभे, विचारतायत, फुलीवर आहे ना? डोळे गेले, शिकवणं गेलं, तेवढा मनोरा उरला होता यांच्याकडे. मी म्हटलं, आहे. मग ते खरं करण्यासाठी पाटी सरकवली. वाटलं, एवढंसं तर आहे. दर वेळी एवढंसंच होतं."

सरांनी हात पुढे केला. तो हवेतच राहिला. "फळी चाचपताना बोट त्या ठिपक्यावर गेलं," ते म्हणाले. "गुळगुळीत. माझ्या स्वतःच्या तोंडात तुझ्या हाताच्या चार दाढा आहेत, डॉक्टर. मला विचारावं लागलं नाही. वाटलं, पाटी जागेवर ठेवतो, ओळंबा काय ते सांगेल, गल्ली रिकामी होईल आणि तुझं नाव कुठे येणार नाही. हिच्यावर आळ येईल हे माझ्या ध्यानात आलं नाही. चुकलंच माझं ते, मुली."



बोलला तो बाईंचा भाऊ. इतका वेळ तो भिंतीपाशी उभा होता. "डॉक्टर," तो म्हणाला, "माझी लेकरं त्या भेगेच्याच वर झोपतात." आणि कुणाची वाट न बघता निघून गेला.

६

गल्ली त्याच आठवड्यात रिकामी झाली. इंजिनिअरला कुणी काढलं नाही. उलट अध्यक्ष तिच्यामागे फाइल धरून पळताना दिसायला लागले. मनोऱ्याभोवती लोखंडी टेकू उभे राहिले. लोक संसार हातगाड्यांवर घालून शहराच्या पलीकडच्या भाड्याच्या खोल्यांत गेले, आणि जाताना कुणी सरांना शिव्या दिल्या, कुणी डॉक्टरीणबाईंना, कुणी उगाच फौजदारीणबाईंना. भावानं नवीन दुकान थाटलं. सरांच्या घराकडे त्यानं पाठ फिरवली ती फिरवलीच.

मग पाऊस सुरू झाला. एका दुपारी सोसाट्याचा वारा सुटला, आणि सज्ज्याखालचा एक नक्षीदार दगड निसटला. रिकाम्या गल्लीत तो एकाच घरावर पडला. चष्म्याच्या दुकानाच्या इमारतीचं छत फोडून, वरची झोपायची खोली फोडून, खाली जमिनीत रुतला.

भाऊ आणि बाई कुंपणाबाहेरून बघत उभे राहिले. पोरांच्या खाटा जिथे असायच्या तिथे आता आभाळ दिसत होतं. मग भाऊ चालायला लागला, घराच्या नाही, चौकापलीकडच्या दिशेनं. बाई त्याच्यामागे निघाल्या.

दार डॉक्टरीणबाईंनी उघडलं. त्या खूप वाळल्या होत्या. आतून सरांनी विचारलं, "कोण आहे?"

भाऊ उंबऱ्यावर उभा होता. त्याच्या डोक्यावरून पाणी निथळत होतं. एकदा त्यानं मूठ आवळली, एकदा सोडली.

"आत्ता तिकडून आलो," तो म्हणाला. "घर गेलं. पोरं वाचली. या घरातल्या एका माणसानं आम्हाला तिथे झोपवलं आणि एकानं तिथून उठवलं. मी भांडायला आलोय की पाया पडायला, ते माझं मलाच कळत नाहीये."

डॉक्टरीणबाईंनी दार पूर्ण उघडलं आणि बाजूला झाल्या.

"दोन्ही कर," त्या म्हणाल्या. "पण आधी आत ये, भिजलायस."